फक्त माझ्या मशीनपुरतं

आमच्या प्रोजेक्टच्या कॉन्फिग (म्हणजे सेटिंग्जच्या) फाइलमध्ये तीन ओळी माझ्या खाजगी आहेत: डेटाबेसचा पत्ता, पोर्ट म्हणजे प्रोग्रामच्या दाराचा नंबर (८०८० वर माझ्याकडे भलतंच काहीतरी ठाण मांडून बसलंय) आणि डीबगचा स्विच. या ओळी कुणाला दिसू नयेत आणि कुणी पुसूही नयेत, एवढीच माफक अपेक्षा. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिलं, म्हणजे अनेकांनी कोडमध्ये केलेले बदल सांभाळणारा प्रोग्राम. हजारो लोकांचे बदल तिथे गुण्यागोविंदाने नांदतात. डोळ्यांत खुपतात त्या माझ्याच तीन ओळी.

सकाळी पुल मारावं (टीमचे नवे बदल ओढून घ्यावेत), तर उत्तर येतं: तुमचे लोकल बदल पुसले जातील, आधी कमिट करा (नोंदवा) नाहीतर स्टॅश करा (बाजूला ठेवा). कमिट केलं तर माझा पोर्ट अख्ख्या टीमच्या गळ्यात. म्हणून स्टॅश. स्टॅश म्हणजे घरातला माळा. टाकताना वाटतं, संध्याकाळी काढू. पुढे कधीतरी यादी बघावी तर एकाखाली एक ‘डब्ल्यूआयपी ऑन मेन’ (मुख्य शाखेवरचं अर्धवट काम)! कुठल्या गाठोड्यात काय आहे देव जाणे, पण फेकायचा धीर होत नाही. बरं, पॉप करावं (गाठोडं परत काढावं) तर नेमकी तीच ओळ रात्रीतून कुणीतरी बदललेली. मग फाइलच्या मधोमध सात-सात कोनदार कंस, वर ‘अपडेटेड अपस्ट्रीम’, खाली ‘स्टॅश्ड चेंजेस’, आणि भांडण कशावरून? तर एका पोर्टवरून.

जाणकार (आमच्या टीममध्ये सगळेच) म्हणतात, “अरे, गिटइग्नोरमध्ये टाक ना!” म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत. पण फाइल आधीच गिटच्या नोंदीत असेल, तर गिट त्या गिटइग्नोरला हिंग लावून विचारत नाही. मग कोपऱ्यातून कुणीतरी कुजबुजतं, “स्किप-वर्कट्री लाव.” म्हणजे या फाइलमधले माझे बदल बघू नकोस, अशी गिटला खूण. लावलं. काही दिवस स्वर्ग. स्टेटस (काय काय बदललंय ते) विचारावं, सगळं चकाचक. मग कुणीतरी त्या फाइलला हात लावला. पुल म्हणतं, तुमचे बदल पुसले जातील. स्टेटस म्हणतं, बदल? कुठले बदल? स्टॅश म्हणतं, माझ्याकडे ठेवण्यासारखं काहीच नाही. या तिघांची समोरासमोर गाठ घालून द्यावी, असं फार वाटतं. गिटचं मॅन्युअल स्वच्छ सांगतं की ही सोय या कामासाठी नाहीच. पण मॅन्युअल वाचणारा माणूस या खड्ड्यात पडेलच कशाला?

खरा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. रेपोत (प्रोजेक्टच्या सामायिक साठ्यात) फक्त नमुना फाइल ठेवायची, प्रत्येकाने तिची प्रत काढून त्यात हवे ते उद्योग करायचे आणि त्या प्रतीचं नाव गिटइग्नोरमध्ये घालायचं. मीटिंगमध्ये हे एकमताने मंजूर झालं, कारण काम कुणाच्याच नावावर टाकलं नव्हतं. शेवटी नव्याने लागलेल्या मुलीने ते न बोलता करून टाकलं. त्याच संध्याकाळी आमच्या सीनियरनी प्रत काढायचा कंटाळा केला आणि नमुना फाइलमध्येच डेटाबेसचा पासवर्ड घालून ती मेनवर पुश केली, म्हणजे सगळ्या टीमला पाठवली. पासवर्ड त्यांच्या स्कूटरचा नंबर निघाला.