संचालक ‘नुसता साथीला’?

‘कॉन्चेर्टोत संचालक नुसता साथीला असतो, खरी मैफल पाहुण्या पियानोवादकाची’ हे एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि अख्खा वाद्यवृंद यांनी मिळून वाजवायची रचना; संचालक म्हणजे हाताच्या खुणांनी वाद्यवृंद चालवणारा. बेथोव्हनचा चौथा पियानो कॉन्चेर्टोच घ्या. सुरुवातीची पाच मापं (तालाची आवर्तनं म्हणा) पियानो एकटाच, अगदी हळुवार. मग तंतुवाद्यांचं उत्तर, तेही जी मेजर ही मूळ स्वरपट्टी सोडून थेट बी मेजरमध्ये.

एकदा मला वाद्यवृंदामागची जागा मिळाली (तिकीट उशिरा काढलं, दुसरं काय!), त्यामुळे संचालकाचा चेहरा समोर. पियानोवादक बाईंनी शेवटचा स्वर जरा रेंगाळवला, तर संचालकांचा हात हवेत तसाच, डोळे बाईंच्या मनगटावर. यांनी श्वास घेतला आणि व्हायोलिनं अलगद आली. हात क्षणभर आधी पडता तर सगळा बेरंग. हिला नुसती साथ म्हणायचं?