आठ अक्षरांचा खलनायक

माझ्या सात वर्षांच्या भाच्याला झोपवण्याचे काम काही महिन्यांपासून माझ्याकडे आले आहे आणि ते मी इमानेइतबारे पार पाडतो, असे निदान माझे मत आहे. ताईचे मत वेगळे आहे, कारण पुष्कळदा तिला खोलीत आल्यावर भाचा टक्क जागा आणि मी गाढ झोपलेला आढळतो. अडचण गोष्टींची आहे. त्याला राजाराणी चालत नाहीत, कोल्हा चालत नाही. त्याला रोज कॉमिक्समधला एक खलनायक लागतो आणि तोही ठरलेल्या क्रमाने लागतो: आधी इतिहास, मग शक्ती, शेवटी दुर्बलता. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सुरुवातीचे खलनायक मी सहज उरकले. लेक्स लूथर हा माणूस आहे, अतिशय हुशार आहे आणि त्याला सुपरमॅन खपत नाही, एवढ्यावर रात्र निभावली. मॅग्नेटोच्या वेळी मात्र ‘तो सगळ्या धातूंना ओढतो, तर तुझ्या दाढेत भरलेल्या चांदीचं काय होईल?’ या प्रश्नावर त्याच्याऐवजी माझीच झोप उडाली. तरीही एकंदरीत मला या विषयातली थोडीफार गती आली होती, आणि थोडीफार गती ही किती धोकादायक असते ते लवकरच कळले. एका रात्री त्याने पुस्तकातल्या एका बुटक्या, गोल हॅटवाल्या माणसावर बोट ठेवले आणि विचारले, “मामा, याचं नाव काय?”

मी ते नाव पाहिले आणि चष्मा पुसला. चष्मा पुसूनही त्यात काही फरक पडला नाही. एम, एक्स, वाय, झेड, पी, टी, एल, के. ही आठ अक्षरे एका रांगेत उभी होती आणि त्यांत ए, ई, आय, ओ, यू यांच्यापैकी एकाचाही मागमूस नव्हता. टंकलेखन यंत्रावर मांजर चालून गेले असावे, असे ते नाव होते. माझी ही कल्पना मला फार मौलिक वाटली होती. पण पुढे कळले की 1987 साली त्याचा इतिहास नव्याने मांडला गेला, तेव्हा हे नाव टंकलेखन यंत्राच्या कळा वाटेल तशा दाबून सुचल्याचेच त्यात दाखवले आहे. मांजराचा उल्लेख नाही, एवढाच फरक. मी घसा साफ करून “मिक्स-येझ-पिट-लिक” असा रूढ उच्चार एकदाचा बाहेर काढला. “पुन्हा म्हण,” भाचा म्हणाला. पुन्हा म्हणताना त्यात एक जास्तीचा ‘पिट’ आला, आणि ते त्याच्या लगेच लक्षात आले.

इतिहासाची बाजू त्यामानाने सोपी असेल, अशी माझी समजूत होती. सुपरमॅनच्या जनकांपैकी एक असलेल्या जेरी सीगलने हे पात्र लिहिले, आयरा यारब्रो या चित्रकाराने ते रेखाटले आणि 1944 साली ‘सुपरमॅन’च्या तिसाव्या अंकात ते छापून आले. पण हा गृहस्थ मुळातच सरळ नाही. अंकातली कथा आधी तयार झालेली असतानाही वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीत तो त्याच वर्षी तिच्याआधी हजर झाला, म्हणजे जन्मापूर्वीच त्याने स्वतःचे बारसे उरकून घेतले. अंकातल्या त्या पहिल्या कथेत तो ट्रकखाली येऊन मेल्याचे सोंग करतो आणि रुग्णवाहिकेतल्या माणसांना त्याचा तो वीतभर देह काही केल्या उचलता येत नाही. मला त्या माणसांविषयी फार आपुलकी वाटते, कारण झोपायची वेळ झाल्यावर जमिनीवर अंग टाकून दिलेल्या माझ्या भाच्याचे वजनही नेमके असेच वाढते.

हा इसम स्वतःच्या जगात दरबारी विदूषक होता. ते जग पाचव्या मितीत आहे असे मी सांगितले, आणि इथे मी घसरलो. लांबी, रुंदी आणि उंची बोटांवर मोजून झाली, चौथे बोट काळाला दिले आणि पाचव्या बोटाला देण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही. शेवटी मी कागदावर एक माणूस काढला आणि समजावले की याला वर-खाली ठाऊकच नाही. आपण त्याच्या डोक्यावर बोट टेकवले तर ते कुठून आले हे त्याला कधीही कळणार नाही, आणि त्या बुटक्यापुढे आपणही असेच कागदी आहोत. भाच्याने ते ऐकून छताकडे इतका वेळ रोखून पाहिले, की मीही पाहू लागलो.

त्यामुळे शक्तींचे प्रकरण भलतेच लांबले. इतर खलनायकांच्या शक्ती मोजता येतात. हा मात्र निर्जीव वस्तूंना चालायला लावतो, इमारतींचे आकार पालटतो, मनात येईल ते घडवतो. सुपरमॅनचे बळ इथे कुचकामी ठरते, कारण त्याला दुबळे करणाऱ्या क्रिप्टोनाइट या खनिजाप्रमाणेच जादूपुढेही त्याचे काही चालत नाही, आणि पाचव्या मितीतली करामत आपल्या जगात जादूसारखीच काम करते. बरे, एवढे सामर्थ्य असून त्याला राज्य नको, संपत्ती नको. त्याला फक्त छळायचे असते. खलनायकाला काहीतरी हवे असले की त्याच्याशी वाटाघाटी करता येतात. ज्याला केवळ मजा हवी आहे त्याच्यापुढे हात टेकावे लागतात, हे मी त्या घरात रात्री नऊनंतर अनेकदा अनुभवले आहे.

त्याची दुर्बलता मात्र अप्रतिम आहे. त्याच्या तोंडून त्याचेच नाव उलटे वदवून घेतले की तो आपल्या जगात परत फेकला जातो, आणि जुन्या कथांच्या नियमानुसार किमान 90 दिवस त्याला इकडे येता येत नाही. त्यामुळे प्रत्येक कथेत सुपरमॅन नाना युक्त्या योजतो आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूष असलेला हा गडी प्रत्येक वेळी फसतो.

“पण नाव कुठलं?” भाच्याने विचारले. पहिल्या कथेत ‘झेड’नंतर ‘टी’ येतो आणि मग ‘पी’. पुढच्या अंकांत आधी ‘पी’ आणि मग ‘टी’. हा फरक त्याने स्वतः शोधून काढला होता आणि मी तो छपाईचा दोष म्हणून झटकून टाकणार होतो. परंतु कॉमिक्सवाल्यांनी तो झटकला नाही. त्यांनी कालांतराने असे ठरवले की हे दोन निरनिराळे बुटके असून ते दोन समांतर पृथ्वींना त्रास देतात. दोन अक्षरांची अदलाबदल निस्तरण्यासाठी अखंड विश्व कामाला लावणारी ही माणसे माझ्या शाळेत शुद्धलेखन तपासायला असती, तर माझ्या निबंधांतून किती ब्रह्मांडे निर्माण झाली असती, याचा हिशेब करवत नाही.

1986 सालच्या एका कथेत हाच बुटका सांगतो की अमर असल्यामुळे त्याला भयंकर कंटाळा येतो. दोन हजार वर्षे त्याने काहीच केले नाही, पुढची दोन हजार तो संतासारखा वागला, नंतरची खोड्यांत घालवली आणि आता दुष्टपणा करून पाहणार आहे. तो भाग मी झोपण्यापूर्वीचा म्हणून गाळला.

आता फक्त उलट्या नावाचा प्रश्न उरला होता. रोमन अक्षरे उलटी लावून म्हणताना माझी जीभ दातांत अडकत होती, म्हणून मी कागदावर देवनागरीत लिहून पाहिले: मि, क्स, ये, झ, पि, ट, लि, क. मोजली तर आठच! मुळात आठ अक्षरे आणि आपल्या लिपीतही आठ, एकास एक. ‘एक्स’चे जोडाक्षरसुद्धा न फुटता जागच्या जागी उभे. इतके सुबक उलटे होणारे नाव मी पाहिले नव्हते. आनंदाच्या भरात मी खणखणीत आवाजात वाचले, “कलिटपिझयेक्समि!”

खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग भाच्याने पांघरूण बाजूला सारले, उठून दार उघडले आणि अत्यंत गंभीरपणे मला बाहेरची वाट दाखवली. “तू म्हणालास,” तो म्हणाला. “आता 90 दिवस यायचं नाही.”

खोटे कशाला सांगू, मी तरंगत खाली आलो. 90 रात्री! ताईला नियम समजावून सांगितला, दिनदर्शिकेवर खूण केली आणि दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता पाय पसरून बसलो. नऊ वाजून पाच मिनिटांनी भाचा पुस्तक घेऊन समोर उभा राहिला. मी नम्रपणे 90 दिवसांची आठवण करून दिली.

“तो जुना नियम,” पान उलटत तो म्हणाला. “1987 पासून अट तो बुटकाच ठरवतो, आणि दर वेळी वेगळी.”

“मग आजची अट काय?” मी विचारले.

“ती तू ओळखायची,” तो म्हणाला आणि मला उशीकडे सरकायला सांगून पांघरुणात शिरला.