भरतीच्या विजेवर सोलापूरचे माग चालतील का?

सोलापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर जोरात फिरतोय. सारांश असा: भरती-ओहोटीतून चोवीस तास फुकट वीज मिळते, महाराष्ट्राचा किनारा सगळ्या राज्याला पुरेल, पण कोळसावाल्यांसाठी हे तंत्रज्ञान दाबून ठेवलंय, नाहीतर आपले यंत्रमाग कवडीमोल विजेवर चालले असते. वीजबिलाने कावलेल्या माणसाला हे लगेच पटतं. म्हणूनच उत्तर द्यायला हवं.

"चोवीस तास" हे पहिलं चूक. बांधाआड अडवलेलं पाणी आणि बाहेरचा समुद्र यांच्या पातळीत पुरेसा फरक पडला, तरच टर्बाइन फिरतं. पातळ्या जवळ आल्या की ते थांबतं. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणजे विजेची वेळही रोज सरकते; मागावरची पाळी काही तिच्यामागे सरकत नाही. त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण मोठं, अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती लहान. ही वीज कधी मिळेल हे कित्येक वर्षं आधी सांगता येतं, हा तिचा खरा आणि मोठा गुण आहे. पण आधी सांगता येणं म्हणजे अखंड मिळणं नव्हे. फ्रान्समधलं भरतीच्या विजेचं ला राँस केंद्र २४० मेगावॉटचं. वर्षाला देतं साधारण ५० कोटी युनिट, म्हणजे क्षमतेच्या पाव. आपला फताटेवाडीचा १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प पूर्ण भाराने चालला, तर तेवढी वीज सोळा दिवसांत निघते.

"किनारा मोठा" यानेही भागत नाही. लांबीपेक्षा पाणी किती चढतं-उतरतं ते महत्त्वाचं, आणि ऊर्जा त्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळते: फरक निम्मा, तर तेवढ्याच क्षेत्रफळाच्या जलाशयातून वीज पाव. गुजरातमधल्या खंभातच्या आखातात मोठ्या भरतीला हा फरक ११ मीटरपर्यंत जातो. मुंबईत उधाणालाही ५ मीटरच्या आसपास, रत्नागिरीकडे त्याहून कमी. देशाची अंदाजे १२,४५५ मेगावॉट क्षमता सांगितली जाते, तिच्यातला ७,००० मेगावॉटचा वाटा एकट्या खंभातचा आहे.

या मजकुराला उत्तर म्हणून काही जण "समुद्र कुठे, सोलापूर कुठे" असं लिहितात. तेही बरोबर नाही. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. खंभातला वीज तयार झाली, तर ती सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यापर्यंत येऊ शकते. अडचण अंतराची नाहीच.

अडचण पैशाची आहे. पाणी फुकट, पण खाऱ्या पाण्यात टिकणारी यंत्रं, बांध, दरवाजे आणि साचणारा गाळ फुकट नाही. खाडी अडवली की खारफुटी आणि मासेमारीला झळ बसते, ती वेगळी.

राहिलं "दाबून ठेवलं". ला राँस १९६६पासून उघडपणे चालतंय. दक्षिण कोरियाचं २५४ मेगावॉटचं सिह्वा २०११मध्ये सुरू झालं. तिथे समुद्रातला बांध आधीपासूनच होता, म्हणून मोठा खर्च वाचला. आपल्याकडे सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॉटचा प्रकल्प ठरला होता. अंदाजित खर्च निघाला २३८ कोटी, मेगावॉटमागे ६३ कोटींहून जास्त. कच्छच्या आखातातला ५० मेगावॉटचा प्रकल्पही खर्चामुळेच मागे पडला. हे आकडे सरकारनेच संसदीय समितीपुढे मांडलेले आहेत.