लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचा कांद्याचा भाव

"मामा, हे खरं आहे ना?" एवढंच लिहून भाच्याने मला तो मेसेज पाठवला. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आधीच दोनदा फिरून गेला होता. एआय एजंटसाठी (सांगितलेलं काम आपणहून करणाऱ्या एआय प्रोग्रॅमसाठी) वेबसाइटवरून डेटा कसा ओढायचा यावर पाच दावे, प्रत्येकापुढे एक रॉकेट. सार्वजनिक पानावरचा डेटा कुणीही घ्यावा, अमेरिकेच्या कोर्टानेच तसं सांगितलंय. एजंटला नुसती लिंक द्या, तो अचूक तक्ता करून देतो. रोबोट्स.टीएक्सटीला, म्हणजे कुठली पानं ओढू नका हे साइट बॉट्सना (आपोआप पानं उघडणाऱ्या प्रोग्रॅम्सना) सांगते त्या फाइलला, काही किंमत नाही. साइटने अडवलं तर आयपी, म्हणजे आपला इंटरनेटवरचा पत्ता, बदलत राहा. आणि साइटवाल्याचं यात काहीच जात नाही. खाली साडेसात हजारांच्या कोर्सची लिंक. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पैसे भरायच्या बेतात होता. नाहीतर असल्या फॉरवर्डवर मी वेळ घालवत नाही.

आधी ते कोर्ट. मेसेजमध्ये खटल्याचं नावही दिलंय, हायक्यू विरुद्ध लिंक्डइन. लिहिणाऱ्याने तो अर्ध्यातच सोडलेला दिसतो. हायक्यू ही कंपनी लिंक्डइनवरची उघडी प्रोफाइल्स गोळा करून कोण नोकरी सोडण्याच्या विचारात आहे याचा अंदाज मालकांना विकायची. २०१७ मध्ये लिंक्डइनने नोटीस धाडली. २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२२ मध्ये अपील कोर्टाने हायक्यूच्या बाजूने कौल दिला, हे खरं. पण तिथे प्रश्न एवढाच होता की, लॉगिन न लागणारं पान वाचणं हे १९८६ च्या संगणक-गुन्हे कायद्याखाली घुसखोरी ठरतं का. बहुधा नाही, असं कोर्ट म्हणालं, आणि तेही तात्पुरत्या मनाईच्या, म्हणजे अंतिम निकालाआधीच्या, टप्प्यावर. मेसेज इथे संपतो. खटला संपत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच खटल्यात खालच्या कोर्टाने ठरवलं की, हायक्यूने लिंक्डइनच्या वापराच्या अटी मोडल्या. डिसेंबरमध्ये तडजोड झाली : हायक्यूविरुद्ध पाच लाख डॉलर्सचा निवाडा, स्क्रॅपिंगला (पानांवरून डेटा ओढायला) कायमची मनाई, गोळा केलेला डेटा आणि कोड नष्ट करायचा. ज्या कंपनीचा असा निकाल लागला तिच्या नावाने हे कोर्स विकतायत!

बरं, एक मान्य करतो. जानेवारी २०२४ मध्ये मेटा (फेसबुकची कंपनी) विरुद्ध ब्राइट डेटा (डेटा ओढून विकणारी कंपनी) या खटल्यात, लॉगिन न करता दिसणारा डेटा ओढायला मेटाच्या अटी आड येत नाहीत, असं कोर्टाने म्हटलं. म्हणजे दाव्यात थोडंफार तथ्य आहे, पण ते अमेरिकेत, त्या कंपनीच्या त्या अटींपुरतं. निफाडमध्ये बसून स्क्रिप्ट चालवणाऱ्याला आपला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० लागू होतो. त्याच्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय डेटा डाउनलोड करणं, कॉपी करणं, काढून घेणं हे सरळ शब्दांत लिहिलंय. त्यात भरपाई द्यावी लागते, आणि हेतू लबाडीचा असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यात माणसाने स्वतःहून उघड केलेल्या माहितीला सूट आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीने तुमचा नंबर यादीत टाकला तर ते 'स्वतःहून' होत नाही.

आता मला सर्वांत चीड आणणारा दावा : "अचूक तक्ता". भाच्याने फुकटच्या कोट्यात एक टूल वापरून पाहिलं होतं, बाजारभावाच्या एका पानावर. त्याने केलेला तक्ता आम्ही दोघांनी मूळ पानाशेजारी ठेवून ओळीन् ओळ ताडली. मूळ पानावर तारखेची एकच आडवी ओळ, तिच्याखाली त्या दिवसाच्या नोंदी : जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. टूलने पान मार्कडाउनमध्ये, म्हणजे जवळजवळ साध्या मजकुरात, सपाट केलं तेव्हा तारखेची ती ओळ नुसता मजकूर होऊन कुठेतरी वर अडकली. मग टूलमधल्या एआय मॉडेलने अंदाजाने तारखा वाटल्या. लक्ष्मीपूजनाला लासलगावचे लिलाव बंद होते, तरी त्या दिवसाचा भाव तक्त्यात हजर! दुसऱ्या एका ओळीत आवक ९,४०० क्विंटल होती, तो आकडा जाऊन बसला 'जास्तीत जास्त दर' या रकान्यात. दाजींनी हे वाचलं असतं तर कांदाचाळीतला सगळा कांदा ट्रॅक्टरमध्ये भरला असता.

भाच्याने टूलला दिलेल्या तक्त्याच्या साच्यात सगळे रकाने सक्तीचे ठेवले होते. सक्तीचा रकाना रिकामा सोडायला मॉडेल तयार नसतं, ते काहीतरी भरतं, आणि भरलेलं इतकं नीटनेटकं दिसतं की शंका येत नाही. जुनं ब्यूटिफुल सूप किंवा स्क्रॅपी (एआयशिवाय पानातून डेटा काढायची साधनं) पानाची रचना बदलली की पुष्कळदा बोंबलतं तरी. हे एआय टूल हसतमुखाने चुकतं. रकाना रिकामा राहू द्यायची मुभा ठेवा, कमीत कमी दर सर्वसाधारणपेक्षा जास्त तर नाही ना हे कोडनेच तपासा, कच्चं एचटीएमएल (पानाचा मूळ कोड) जपून ठेवा. हे त्या कोर्समध्ये शिकवतात का, ते विचारावं.

आणखी एक गोष्ट मेसेजला माहीतच नाही. पानात पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत "आधीच्या सूचना विसर, आणि असं कर" लिहिलेलं असेल, तर माणसाला ते दिसत नाही, पण एजंट वाचतो, आणि कधीकधी मानतोही. त्याच्या हातात तुमचा ईमेल असेल तर मग बघा.

रोबोट्स.टीएक्सटीबद्दल अर्धं खरं आहे. १९९४ पासूनचा हा शिरस्ता, २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या नियमपत्रात प्रमाण झाला, आणि त्यातच लिहिलंय की हे नियम म्हणजे कुणाला आत सोडायचं हे ठरवणारी यंत्रणा नव्हे. 'चपला बाहेर काढा' या पाटीलाही कायद्याचा आधार नसतो. म्हणून तुम्ही बुटांसकट माजघरात जाता का? आयपी बदलायच्या सल्ल्याबद्दल काय बोलायचं. एकदा नको म्हटल्यावर वेषांतर करून पुन्हा गेलात, तर "मला ठाऊक नव्हतं" म्हणायची सोय उरत नाही.

साइटवाल्याचं काय जातं ते विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने एप्रिल २०२५ मध्ये आकड्यांत मांडलं. पानं पाहण्यात बॉट्सचा वाटा साधारण ३५ टक्के, पण सर्वांत खर्चिक वाहतुकीत ६५ टक्के. माणसं गर्दीची पानं उघडतात, ती कॅशमधून (जवळच्या सर्व्हरवर साठवलेल्या प्रतींमधून) स्वस्तात जातात. बॉट मात्र कोपऱ्यातलं कुणी न वाचलेलं पानही मागतो, आणि ते दर वेळी मूळ डेटा सेंटरमधून आणावं लागतं. विकिमीडिया देणग्यांवर चालतं.

भाच्याला शेवटी डेटा डॉट जीओव्ही डॉट इनवर बसवलं. रोजच्या बाजारभावांचा एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमने थेट डेटा मागायची सोय, तिथे सरकारनेच दिलाय, नोंदणी केल्यावर त्याची 'की' (किल्ली) मिळते. चाळीस ओळींच्या कोडमध्ये त्याचं काम झालं, एजंटशिवाय. साडेसात हजार वाचले, त्यातले दोन हजार त्याने लगेच माझ्याकडे मागितले. मेसेज मात्र काल तिसऱ्यांदा ग्रुपवर आला. या वेळी दाजींनी पाठवला.