उन्हाळ्याची यादी

जूनच्या दुसऱ्या रविवारपासून आमच्या गावातल्या चर्चची उपासना साडेदहाऐवजी नऊला होते. लाकडी इमारत जुनी आहे, तिला एसी नाही आणि अकरा वाजता आत बसवत नाही. गायनवृंदाला सुट्टी, मुलांच्या रविवारच्या शाळेलाही सुट्टी. हवा बरी असली की घडीच्या खुर्च्या बाहेर हिरवळीवर मांडतात. पाळकबाई झगा न घालता अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उभ्या राहतात, आणि ज्याला जे भजन हवं त्याने पुस्तकातला नंबर ओरडून सांगायचा. जुलैत कॉंग्रिगेशनल, मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट अशा तिन्ही मंडळ्या आळीपाळीने एकमेकांकडे जातात. यात ऐक्याची भावना असेलच, पण निम्मं गाव समुद्रावर गेलेलं असतं आणि प्रत्येकीकडे वीस-पंचवीसच डोकी उरतात, हेही आहे.

मॅसॅच्युसेट्समधलं, बॉस्टनपासून पश्चिमेला तासाभरावरचं हे गाव. मी त्या मंडळीची सभासद नाही. माझ्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे. तीन उन्हाळ्यांपूर्वी शेजारच्या आजींनी खोकी उचलायला हाक मारली, तेव्हापासून मी जाते. या तीन वर्षांत येशूबद्दल मला कोणी एक शब्द विचारलेला नाही. सामोशाची कृती मात्र चौघींनी विचारली.

खोकी असतात दानाच्या वस्तूंची. दर महिन्याला यादी लागते, आणि ती वाचण्यासारखी असते. 'गरजू मुलांसाठी शालेय साहित्य' असं मोघम काही नाही. रुंद रेघांच्या वह्या, तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी. टोकं केलेल्या पेन्सिली, कारण घरी शार्पनर असेलच असं नाही. दप्तरं साध्या रंगाची, कार्टून नको, कारण सहावीतला मुलगा ते घेत नाही. ही यादी चर्च करत नाही, शाळेची समुपदेशक पाठवते. पहिल्या वर्षी मी हौसेने अरुंद रेघांच्या दोन डझन वह्या नेल्या. आजींनी चष्म्यावरून बघितलं, 'या हायस्कूलला चालतील' म्हणाल्या आणि वेगळ्या खोक्यात ठेवल्या. खरं सांगायचं तर राग आला. दान देणाऱ्याला कुणी चूक दाखवतं का?

अन्नाच्या खोक्याची यादी तर त्याहून चमत्कारिक: साबण, टूथपेस्ट, टॉयलेट पेपर, डायपर. अन्नछत्रात साबण कशाला? तर गरिबांना सरकारकडून जे स्नॅपचं कार्ड मिळतं, ज्याला लोक अजून फूड स्टॅम्प म्हणतात, त्यावर फक्त खाण्याच्या वस्तू घेता येतात. साबण नाही, डायपर नाही, गरम शिजवलेलं जेवणही सहसा नाही. म्हणजे सरकारी योजनेत जिथे भोक आहे, तिथे बरोबर खोकं ठेवलेलं.

आणि उन्हाळा हे सगळ्यात मोठं भोक. मॅसॅच्युसेट्सने २०२३ मध्ये शाळेतली न्याहारी आणि जेवण सगळ्याच मुलांना कायमचं मोफत केलं. त्याचे पैसे वर्षाला दहा लाख डॉलरवर कमावणाऱ्यांच्या जादा ४ टक्के करातून येतात, आणि तो कर लोकांनी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मतदान करून लावून घेतला. पण जूनच्या शेवटी शाळा बंद झाली की घरातल्या प्रत्येक पोरामागे आठवड्याची दहा जेवणं आईच्या अंगावर येतात. काही ठिकाणी सरकारी उन्हाळी जेवणाची केंद्रं चालतात, पण तिथवर पोराला नेणार कोण? २०२४ पासून केंद्र सरकार पात्र मुलामागे उन्हाळ्याचे १२० डॉलर कार्डावर देतं. काही राज्यांनी तेही नाकारलं. म्हणून आमच्या खोक्यात जुलैमध्ये पीनट बटर लागतं, डिसेंबरात लागतं त्यापेक्षा जास्त, आणि देणारे मात्र डिसेंबरात आठवण ठेवून येतात.

आता तिकडचं. २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने शाळेतल्या पोषण आहारात अंड्यासाठी दिला जाणारा वेगळा पैसा थांबवला. २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं आठवड्याचं अंडं (न खाणाऱ्याला केळं) वर्ष-सव्वा वर्षात आटोपलं. अंडा पुलाव, खीर, नाचणीचं सत्त्व हे ऐच्छिक, आणि साखरबिखर शाळांनी लोकसहभागातून मिळवावी. आमच्या कुटुंबाच्या गटावर यावरून जे पेटलं ते अजून अधूनमधून धुमसतं. एका काकांचं म्हणणं, देवस्थानांकडे एवढा पैसा आहे, त्यांनी द्यावीत अंडी; अमेरिकेत बघा, चर्च कशी पोरं सांभाळतात, विचारा हिला. त्यावर दुसऱ्या काकांचं ठरलेलं उत्तर: चर्च का देतात ते आम्हाला माहीत आहे. (देवस्थानाने अंडी द्यायची ही कल्पना दोघांनाही विचित्र वाटली नाही, हे मला जास्त विचित्र वाटलं.) दोघांनी मला साक्षीला उभं केलं आणि मी तेव्हा गप्प बसले.

दुसऱ्या काकांना उडवून लावणं सोपं नाही. ज्या कॉंग्रिगेशनल मंडळ्यांपैकी आमच्या गावातली ही एक, त्यांच्याच पुढाकाराने १८१० साली परदेशी मिशनचं अमेरिकन बोर्ड निघालं, १८१२ मध्ये इथल्या सेलम गावातल्या चर्चमध्ये पहिल्या मिशनऱ्यांना दीक्षा मिळाली आणि १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. तेच पुढचं अमेरिकन मराठी मिशन. नगरला ज्यांच्या शाळा, ज्यांचं ज्ञानोदय हे नियतकालिक, ज्यांच्याकडे पुढे कवी नारायण वामन टिळक आले. माझी आजी नगरच्या ज्या वाड्यात वाढली तिथून त्यांच्या शाळेची घंटा ऐकू यायची. धर्मांतर हा त्या मंडळींचा उघड हेतू होता, त्यांनी तो कधी लपवला नाही.

गटावरचा वादही नवा नाही. १८८७ मध्ये बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, ती पंडिता रमाबाईंच्या विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसे पुरवायला. त्या पैशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. शाळा धर्मनिरपेक्ष राहील असं ठरलेलं होतं. पण मुली ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, केसरीने झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कित्येक घरांनी मुली काढून नेल्या. बॉस्टनचा पैसा, पुण्याच्या मुली, आणि देणाऱ्याच्या मनात काय आहे हा प्रश्न! काका १८९३ चाच अंक पुन्हा वाचून दाखवत होते. माझी अडचण एवढीच की त्या भांडणात जो तो रमाबाईंचं मन तपासत होता, आणि घरी परत नेलेल्या त्या बालविधवांचं पुढे काय झालं याचा हिशेब कोणी मांडला नाही.

पहिल्या काकांचं म्हणणं मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण ते गोड आहे.

चर्च पोरं सांभाळत नाही. आमच्या मंडळीने मागच्या उन्हाळ्यात चौतीस दप्तरं भरली. चौतीस! त्याचं कौतुक मला आहेच, मीच त्यातल्या अकरांची चेन तपासली. पण शाळेत रोज जेवणाऱ्या पोरांशी त्याची तुलना होऊच शकत नाही. पाळकबाईंनाच ते नीट कळतं. एका रविवारी, हिरवळीवर, अर्पणाची टोपली फिरण्याआधी त्यांनी सांगितलं की टोपलीत काय टाकायचं ते टाका, पण उद्या सकाळी आमदाराच्या कार्यालयात फोनही करा, कारण उन्हाळी जेवणाच्या पैशावर चर्चा चालू आहे. मागच्या रांगेतले दोघे नाराज झाले, देवळात राजकारण नको म्हणाले. तो वाद मला फारच ओळखीचा वाटला.

चर्चच्या हिशेबाबद्दलही आपल्याकडे एक भाबडा समज आहे. कायद्याने बघाल तर इथल्या चर्चला करखात्याकडे ते वार्षिक विवरणपत्र भरावं लागत नाही जे इतर धर्मादाय संस्थांना भरावं लागतं. आपल्या देवस्थानाला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो, गणपती मंडळालाही वर्गणीची परवानगी घ्यावी लागते. कागदावर आपण कडक आहोत. फरक कुठे आहे तर जानेवारीतल्या सभेत. तिथे प्रत्येक सभासदाच्या हातात अंदाजपत्रक असतं आणि छपराच्या दुरुस्तीवरून दोन तास भांडण होतं. पाळकबाईंचा पगारही त्याच कागदावर, त्यांच्यासमोर, सगळ्यांना दिसेल असा. मी बाहेरची म्हणून कोपऱ्यात बसले होते आणि मलाच अवघडल्यासारखं झालं. बाकी उन्हाळ्यात त्यांचीही दमछाक होते. लोक सुट्टीवर, टोपली हलकी, बिलं तेवढीच. शरद ऋतूत लोकांनी पुढच्या वर्षासाठी जे आकडे लिहून दिलेले असतात, ते जुलैत आठवण करून द्यायला पत्र जातं. पत्राचा सूर थेट आपल्या सोसायटीच्या थकबाकीच्या नोटिशीचा.

आणखी एक गोष्ट तिथे नाही: पंखा. आमच्या गावच्या देवळात सभामंडपाचा प्रत्येक पंखा कुणाच्या तरी स्मरणार्थ फिरतो आणि पात्यावर नाव असतं, जे पंखा चालू असताना कुणालाच वाचता येत नाही. इथेही जुन्या बाकांवर पितळी पट्ट्या आहेत, नाही असं नाही. पण खोक्यातल्या पेन्सिलीवर कुणाचं नाव घालणार? म्हणून पेन्सिली मागायला यादी लागते आणि पंख्याला देणगीदार आपणहून सापडतो. आम्ही परदेशातले मराठी लोक यात मागे नाही. आमच्या गणेशोत्सवाच्या पत्रकावर सुवर्ण आणि रौप्य प्रायोजक असतात, आणि मी स्वतः एकदा रौप्य होते.

एवढं सगळं असून एका बाबतीत मला आपलंच बरं वाटतं. इथल्या अन्नछत्रात आलेल्या माणसाला पत्ता विचारतात, घरात किती जण ते लिहून घेतात. गोड बोलून विचारतात, पण विचारतात. पहिल्यांदा आलेली बाई त्या टेबलाशी कशी उभी राहते ते मी पाहिलं आहे. वारीच्या वाटेवर पिठलं-भाकरी वाढणारी बाई काही विचारत नाही. पंगतीत बसलेला शेतकरी की साहेब, भुकेलेला की नुसता आलेला, याची तिला पडलेली नसते. घेणाऱ्याला तिथे मान खाली घालावी लागत नाही, कारण तो माउलींचा पाहुणा असतो. ही गोष्ट मी चर्चच्या बैठकीत एकदा सांगितली. सगळ्यांना फार आवडली, आणि मग खजिनदारांनी विचारलं की मग पुढच्या आठवड्याला किती डबे मागवायचे ते कसं ठरवता? माझ्याकडे उत्तर नव्हतं. वारी वर्षातून एकदा येते. भूक जुलैच्या प्रत्येक मंगळवारी येते.

माझी मावसबहीण नगर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नगरचं आता अहिल्यानगर झालं, पण ती अजून नगरच म्हणते. दोन्ही काकांचं भांडण ती गटावर वाचत होती आणि एक अक्षर लिहीत नव्हती. मी वेगळा फोन केला. म्हटलं, मी दरमहा पैसे पाठवते, तुझ्या शाळेची साखर आणि अंडी माझ्याकडे. मला वाटलं होतं ती खूश होईल.

"ताई, नको," ती म्हणाली. "तू पैसे दिलेस की मी रजिस्टरला लिहिणार. वर अहवाल जाणार की अमुक शाळेत लोकसहभागातून सोय झाली. मग शेजारच्या शाळेला विचारणार, त्यांना जमतं, तुम्हाला का नाही? त्या शाळेतल्या बाईची बहीण अमेरिकेत नाही ना."

मी गप्प. २०१६ च्या दुष्काळात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागातल्या शाळांना उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण चालू ठेवायला सांगितलं होतं, ते तिने आठवण करून दिलं. भर मे महिन्यात ती रोज शाळेत जायची. पोरं ताटली घेऊन यायची आणि जेवून तिथेच झाडाखाली खेळत बसायची. कुणाकडे हात पसरावा लागला नाही, नाव-गाव लिहून घ्यावं लागलं नाही, कारण तो हुकूम होता. "मला अंडं तसं हवंय," ती म्हणाली, "दानाचं नको."

तेव्हा मी दोन्ही काकांना गटावर एकच उत्तर लिहिलं. चर्चकडून शिकायचं असेल तर यादी करायला शिका, आणि पाळकबाईंसारखा फोन करायला शिका. अंडी सरकारकडेच मागा. पहिल्या काकांनी अंगठा दाखवला. दुसऱ्यांनी एक लांब चित्रफीत पाठवली, ती मी उघडली नाही.

बहिणीला मी तरीही विचारलं, की मग दानाचं काय चालेल? तुझ्या शाळेची समुपदेशक तूच, यादी तू कर. आठ दिवस उत्तर नाही. मग शाळा उघडायच्या आधल्या रविवारी, मी हिरवळीवरच्या खुर्च्या घडी करत असताना, फोन वाजला. वहीच्या पानाचा फोटो होता: रेनकोट, एकोणीस, दुसरी ते चौथी. प्रत्येकासमोर पोराची उंची सेंटिमीटरमध्ये. खाली लिहिलं होतं, गडद रंग आण, चिखल दिसत नाही. यावर कुठलाही जीआर नाही, तेव्हा चालेल.