बालवाडी, गरिबी आणि जगाचा अनुभव : एका फिरत्या मजकुराला उत्तर

पालकांच्या, शिक्षकांच्या आणि ग्रामपंचायतींच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : देशोदेशीच्या बालशिक्षकांनी एकमेकांशी बोलून मुलांची गरिबी हटणार नाही, कारण गरिबी पैशाने हटते. तीन वर्षांच्या मुलाला शिकण्यातले काही कळत नाही. अंगणवाडीने त्याला वेळेवर खाऊ घालावे आणि सांभाळावे, एवढे पुरे. परदेशातल्या पद्धती आपल्या मातीत रुजत नाहीत आणि शिक्षकांच्या परिषदांवर वायफळ खर्च होतो. आणि सेविकेला शिकवण्याच्या मागे लावले, तर आज मिळतो तो आहारही बिघडेल. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी अनेकांना मुलांची खरी काळजी आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु जत किंवा माण तालुक्यातली एखादी ग्रामपंचायत अंगणवाडीच्या खोलीसाठी आणि खेळसाहित्यासाठी पैसे ठेवायचे की नाहीत हे ठरवताना अशाच समजुतींवर विसंबते, म्हणून यातले प्रत्येक विधान नीट तपासले पाहिजे.

तीन वर्षांच्या मुलाला काही कळत नाही, हे विधान सर्वांत कमजोर आहे. मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाआधी होते, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेच नोंदवले आहे आणि त्याच आधारावर तीन ते सहा या वयोगटाला शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात स्थान दिले आहे. या वयात मूल पाटीवर अक्षरे गिरवून शिकत नाही. गोष्ट ऐकून, बिया मोजून, मातीत खेळून, प्रश्न विचारून आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न विचारून शिकते. सांगली-मिरजेतल्या किंवा सातारा शहरातल्या सुस्थितीतील घरचे मूल हे सारे घरी आणि खासगी नर्सरीत मिळवते. मजुराच्या मुलाकडे अंगणवाडीशिवाय दुसरी जागा नसते. खरे शिक्षण पहिलीपासून सुरू होते असे मानले, तर हे मूल पहिलीच्या वर्गात पहिल्याच दिवशी मागे पडलेले असेल, हेही मान्य करावे लागेल.

गरिबी पैशाने हटते, हे विधान मात्र अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्याचा मान राखला पाहिजे. आईवडिलांना पुरेशी मजुरी नसेल, उचलीचा बोजा वर्षानुवर्षे फिटत नसेल आणि घरात आजारपण आले की कर्ज काढावे लागत असेल, तर कोणतेही बडबडगीत ती स्थिती बदलणार नाही. बालशिक्षणाच्या क्षेत्रातला कोणी तसा दावा करत असेल, तर तोही चुकीचाच आहे. युनिसेफ आणि जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातली सुमारे ३३ कोटी ३० लाख मुले माणशी दिवसाला २.१५ डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांत वाढत होती. एवढ्या मोठ्या प्रश्नाला रोजगार, रेशन, आरोग्यसेवा आणि थेट आर्थिक मदत या सर्वांची गरज आहे.

पण या मजकुराने पैसा आणि बालशिक्षण एकमेकांसमोर उभे केले आहेत, ती मांडणी पुराव्यावर टिकत नाही. जमैकाच्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये १९८६-८७ साली संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंची खुंटलेल्या १२९ बालकांसोबत एक प्रयोग सुरू केला. ही बालके ९ ते २४ महिने वयाची होती. काहींना दर आठवड्याला दुधाचा पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी सामुदायिक आरोग्यसेविका आठवड्यातून तासभर जाऊन, टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन, बाळाशी कसे खेळावे आणि कसे बोलावे हे आईला दाखवत. काहींना दोन्ही मिळाले आणि काहींना यातले काहीच मिळाले नाही. हे दोन वर्षे चालले. सुमारे वीस वर्षांनी ती मुले कमावती झाली, तेव्हा ज्यांच्या घरी खेळाच्या भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई, भेटी न झालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली. नुसत्या पूरक आहाराचा कमाईवर असा परिणाम दिसला नाही. यावरून आहार निरर्थक ठरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली असताना आहाराविषयी कोणीही हात आखडता घेऊ नये. पण ‘खाऊ घातले की पुरे’ हा निष्कर्ष मात्र यातून निश्चितच खोटा ठरतो.

परदेशी पद्धती आपल्या मातीत रुजत नाहीत, या विधानाचे उत्तर खुद्द महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेंझो या मजूरवस्तीत पहिले बालगृह उघडले. आईबाप दिवसभर कामावर असल्यामुळे चाळींमध्ये मोकाट राहिलेल्या मुलांसाठी ते होते. तो विचार आपल्याकडचे बालशिक्षणाचे प्रवर्तक गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी अभ्यासला आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरीबाई स्वतः १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्यासह आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि नंतर कोसबाडला काम उभे केले, तेव्हा माँटेसरींचे महागडे साहित्य त्यांनी जसेच्या तसे आणले नाही. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हेच त्यांचे साहित्य झाले. आणि मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, त्याआधी अंगणातल्या बालवाडीचा हा अनुभव महाराष्ट्रात जमा झालेला होता. ज्या अंगणवाडीचा दाखला देऊन हा मजकूर परदेशी विचार नाकारतो, तिच्यामागे रोमपासून कोसबाडपर्यंत शिक्षकांनी एकमेकांकडून घेतलेले आणि आपल्या परिसराप्रमाणे बदललेले असे बरेच काही आहे.

जमैकातल्या कामाचेही तसेच झाले. बांगलादेशात, कोलंबियात आणि आपल्याकडे ओडिशातल्या कटक शहराच्या वस्त्यांमध्ये त्या गृहभेटी तिथली गाणी, तिथली चित्रे आणि तिथली खेळणी घेऊन केल्या गेल्या. कोलंबियाचे उदाहरण मला विशेष मोलाचे वाटते. तिथे गरीब कुटुंबांना थेट रोख मदत देणाऱ्या सरकारी योजनेतल्याच स्थानिक महिलांना प्रशिक्षण देऊन या भेटी घडवल्या. म्हणजे पैसा आणि खेळ एकाच यंत्रणेतून मुलापर्यंत पोहोचले. कार्यक्रम संपताना मुलांच्या आकलनात सुधारणा दिसली, मात्र दोन वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा ती टिकलेली नव्हती. जमैकात जे टिकले ते कोलंबियात का टिकले नाही, हा प्रश्न दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या नोंदी एकमेकांपुढे ठेवल्या म्हणूनच विचारता येतो. जिथे अपयश आले, तिथली माहिती मिळणे हा या सहकार्याचा मोठा लाभ आहे, कारण तीच चूक आपल्या मुलांवर पुन्हा करून पाहण्याची गरज राहत नाही.

शिकवण्यामुळे आहार बिघडेल, ही भीती सेविकांवरचा बोजा पाहणाऱ्याला साहजिक वाटेल. वजन-उंचीच्या नोंदी, पोषण ट्रॅकर या अॅपवरची माहिती, घरपोच आहाराचे वाटप, गृहभेटी आणि गरम ताजा आहार एवढे सारे एक सेविका आणि एक मदतनीस सांभाळतात. पण तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांमध्ये झालेल्या अभ्यासात, निम्म्या केंद्रांना बालशिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी एक जादा व्यक्ती दिली गेली, तेव्हा शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे शिकणे सुधारले आणि उंची खुंटण्याचे व तीव्र कुपोषणाचे प्रमाणही घटले. कारण सेविकेला आहार आणि आरोग्याकडे लक्ष द्यायला सवड मिळाली. तेव्हा बोजा खरा असेल, तर मागणी जादा मनुष्यबळाची करायला हवी. शिक्षण वगळण्याची मागणी करणे म्हणजे सेविकेच्या अडचणीची किंमत मुलांकडून वसूल करणे होय.

परिषदांवर वायफळ खर्च होतो, ही तक्रार काही ठिकाणी योग्यही असेल. समारंभ, सत्कार आणि छायाचित्रे यांपुरती देवाणघेवाण उरत असेल, तर ती बंद झाल्याने कोणाचे नुकसान होणार नाही. सांगली आणि सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांना जे शिकून घ्यायचे आहे, ते फार नेमके आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला की बीडकडून, तसेच जत आणि माण भागातूनही ऊसतोड मजूर कऱ्हाड, वाळवा, पलूस परिसरातल्या फडांवर येतात. आईवडील पहाटेच फडावर जातात, लहान मुले कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, राहतात आणि त्यांना सांभाळण्यासाठी मोठ्या बहिणीची शाळा सुटते. गावाकडच्या अंगणवाडीत त्या मुलाचे नाव असते आणि इथल्या अंगणवाडीत ते परके असते. अमेरिकेत पिकामागे फिरणाऱ्या शेतमजुरांच्या मुलांसाठी १९६९ पासून हेड स्टार्ट या गरीब घरच्या बालकांसाठीच्या सरकारी कार्यक्रमाची स्वतंत्र शाखा चालते. तिथली केंद्रे शेतीच्या हंगामाप्रमाणे आणि मजुरांच्या कामाच्या वेळांप्रमाणे चालवली जातात आणि अगदी तान्ह्या बाळांनाही घेतात. पहाटेची पाळी कशी लावायची, हंगामापुरत्या सेविका कशा नेमायच्या, मुलाची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात कशी पाठवायची, याविषयी अनेक दशकांचा अनुभव असलेल्या शिक्षकांना कृष्णाकाठच्या सेविकांनी थेट विचारावे. आणि त्याच्याही आधी जतची सेविका व वाळव्याची सेविका यांना एकमेकींशी बोलता यावे, दर हंगामाला निघणाऱ्या मुलांची यादी गाड्या सुटण्यापूर्वीच इकडच्या केंद्रांना मिळावी, एवढी व्यवस्था दोन्ही तालुक्यांच्या बालविकास प्रकल्प कार्यालयांनी येत्या गळितापूर्वी करावी.