हिऱ्यातला हायड्रोजन : माझ्याच फॉरवर्डचा खुलासा

"हिऱ्यात हायड्रोजन निघाला तर तो हिरा लॅबमध्ये बनवलेला, सराफ बाजारात आयन किरणांनी तपासून घ्या" हा मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. परवा मीही तो पुढे ढकलला. चुकलंच.

खाणीतल्या पुष्कळ हिऱ्यांतही हायड्रोजन असतो. इन्फ्रारेड तपासणीत तो ओळखता येतो. आयन किरणांचं, म्हणजे वेगवान विद्युतभारित कणांच्या झोताचं, काम खरं आहे, पण ते म्युनिकच्या शास्त्रज्ञांचं, २००४ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापून आलेलं. त्या झोतातला प्रोटॉन हायड्रोजनच्या केंद्रकावर आदळला की वजन सारखंच असल्याने दोघे काटकोनात उडतात, कॅरमची सोंगटी सोंगटीवर आपटावी तसे. ही जोडी एकाच क्षणी टिपून हायड्रोजन कुठे दडलाय त्याचा नकाशा काढतात. त्याला हिऱ्याचा पातळ काप लागतो आणि प्रचंड त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र. अंगठी काउंटरवर ठेवून हे होत नाही!

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.